एकही स्क्रू दिसणार नाही!

मागच्या अंगणातला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, मी स्वतः बांधणार आणि त्यात एकही स्क्रू दिसणार नाही, असं मी जाहीर करून टाकलं! त्याला कारण होतं. माझे सासरे पन्नास वर्षं सुतारकाम करून थकले होते आणि आपली हत्यारांची पेटी एका जावयाला देणार होते. जावई दोन. मी आणि माझा साडू. साडूनेही डेक बांधलाय, पण त्याचे स्क्रू रस्त्यावरून मोजता येतात!

"अहो, एकदा बाबांना विचारून घ्या," बायको म्हणाली.

"परीक्षकालाच उत्तरं विचारू?"

तीन रविवार मी गुडघ्यांवर काढले. पहिली फळी मागच्या दाराला चिकटून. तिच्या कडेला छुपी क्लिप, क्लिपमध्ये स्क्रू, तो झाकत शेजारी दुसरी फळी, तिच्या कडेला पुन्हा क्लिप... अशा बेचाळीस फळ्या! प्रत्येकीने आधीच्या फळीचा स्क्रू पोटात घातलेला. शिवाय फळ्या ठोकून ठोकून एकमेकींना अशा भिडवल्या, की बघत राहावं. सासरे यायच्या आदल्या दिवशी पाइप लावून डेक तीनदा धुतलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सासरे पेटी घेऊन आले. मागोमाग साडू, विनाकारण हसत.

मी ऐटीत मागच्या दाराची कडी काढली, दार बाहेर ढकललं. हलेना! साडूने खांदा लावला. दार दोन बोटं उघडलं आणि रुतलं.

सासऱ्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं. फळ्या पाणी पिऊन टम्म फुगल्या होत्या. पसरायला जागा नाही म्हणून वर उठल्या होत्या, आणि पहिली फळी दाराला आडवी आली होती.

"जावईबापू, फट किती ठेवलीत?"

"फट? बाबा, मुंगीसुद्धा जाणार नाही!"

"मुंगीचं राहू द्या. माणसांनी कसं जायचं?"

"त्यात काय, ती एक फळी काढतो!" मी म्हणालो आणि मनात फळ्या मोजू लागलो. पहिली काढायची तर आधी दुसरी काढायला हवी. दुसरीसाठी तिसरी. म्हणजे सुरुवात बेचाळिसाव्या फळीपासून!

"एखादा तरी स्क्रू दिसायला हवा होता, नाही?" साडू गोड आवाजात म्हणाला. मला त्याला त्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर ढकलावंसं वाटलं.

बायकोने पेटी उघडली, पटाशी आणि हातोडी उचलली, बाह्या सरसावल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर उडी मारली. पाच मिनिटांत पहिली फळी उभी चिरून बाजूला! दार धाडकन उघडलं आणि त्याला खांदा लावून उभे असलेले मी आणि साडू एकमेकांवर पडलो.

"हे तू कुठे शिकलीस?" मी खालूनच विचारलं.

"बाबांच्या कारखान्यात. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत. तुम्ही विचारलंत कधी?"

सासऱ्यांनी डोळे पुसले. "मीसुद्धा काय येडा! जावई तपासत बसलो," असं म्हणत त्यांनी पेटीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

असो. पेटी शेवटी आमच्याच घरात आली, म्हणजे जिंकलो तसा मीच! साडूला मी हेच सांगतो. हत्यारं बायको वापरते. मला त्यातली पेन्सिल मिळते. विचारून घेतली तर.