गणवीरांना अटक

शुक्रवारी दुपारी, व्हर्जिनियातल्या एका चिखलाने भरलेल्या माळावर, वॉल्टरने ज्ञानदेव गणवीरांच्या हातात करड्या रंगाचा लोकरी कोट ठेवला. पावसात भिजून तो ओल्या गोधडीसारखा जड झाला होता.

वॉल्टर म्हणजे त्यांचा हर्नडनमधला शेजारी. निवृत्त झाल्यापासून त्याला एकच नाद लागला होता. दर वर्षी शे-दीडशे हौशी माणसं जमवून तो अमेरिकेतल्या जुन्या यादवी युद्धाचा तळ जसाच्या तसा उभा करी. तंबू, बंदुका, चुलीवरची कडू कॉफी, दाताला न जुमानणारी बिस्किटं, सकाळ-संध्याकाळ कवायत. फोन गाडीतच ठेवायचे. तिथे तो कॅप्टन असे.

ज्ञानदेवांना यातल्या कशाचीच हौस नव्हती. त्यांची बायको उपासना वारली, त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून ते ऑफिसचं काम घरूनच करत, खिडक्यांचे पडदे उघडत नसत आणि कुणी चौकशी केली की "फाइन" म्हणत. रडले एकदाही नव्हते. दुसऱ्या राज्यात, ॲन आर्बरला शिकणारी मुलगी संघमित्रा रोज संध्याकाळी आठला फोन करी. तिनेच लकडा लावला होता, "बाबा, वॉल्टर अंकल कॅम्पिंगला बोलावतायत ना? प्लीज जा. घरात बसून काय करणार आहात?" कॅम्पिंग कसलं, हे तिने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

"हा करडा कोट म्हणजे दक्षिणेचा ना?" ज्ञानदेवांनी विचारलं. "मला तर उत्तरेचा निळा देणार होतास."

"पावसामुळे दक्षिणेची माणसंच आली नाहीत. लढायला समोर कुणीतरी हवं ना! दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ती बाजू माणसं विकणाऱ्यांची होती, वॉल्टर."

"अरे, हे नाटक आहे."

"नाटकातसुद्धा नाही." आठ महिन्यांत ज्ञानदेव पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलले होते. "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मी हा कोट घालणार नाही."

आजूबाजूचे शिपाई वळून पाहू लागले. वॉल्टर क्षणभर विचारात पडला. मग त्याचे डोळे चमकले. कॅप्टनचा हुकूम मोडला, म्हणजे हे लष्करी कोर्टाचंच प्रकरण! इतक्या वर्षांत तळावर असला प्रसंग घडला नव्हता. त्याने ज्ञानदेवांना निळा कोट चढवला, हात दोरीने सैलसर बांधले आणि पहाऱ्याच्या तंबूत बसवलं. संध्याकाळपर्यंत खटला चालून शिक्षाही ठरली. शनिवारी चार वाजता, प्रेक्षकांसमोर, गोळ्या घालून मृत्युदंड. ज्ञानदेवांनी हरकत घेतली नाही. सबंध तळावर तेवढ्याच तंबूत गवत कोरडं होतं.

आठ वाजता गाडीत ठेवलेला ज्ञानदेवांचा फोन वाजत राहिला. संघमित्राने तीन वेळा करूनही त्यांनी उचलला नाही, तेव्हा तिने वॉल्टरच्या बायकोला, डोरोथीला फोन लावला. डोरोथी कानाने जरा कमी.

"तुझे बाबा? त्यांना अटक झाली गं," डोरोथी उत्साहाने म्हणाली. "वॉल्टरने आत्ताच गाडीत जाऊन निरोप पाठवला. हुकूम ऐकेनात म्हणे! उद्या चारला निकाल लागेल."

संघमित्राने 'अटक' शब्दापुढचं धड ऐकलंच नाही. अकरा वर्षं रखडलेलं ग्रीन कार्ड, त्यात परदेशी लोकांच्या धरपकडीच्या रोजच्या बातम्या. "कुठे ठेवलंय त्यांना?" एवढंच तिने ओरडून विचारलं. डोरोथीने माळाचा पत्ता दिला आणि म्हणाली, "घडीची खुर्ची आण हं, बसायला जागा नसते." संघमित्रा पहाटे निघाली. शेजारच्या सीटवर बाबांच्या कागदपत्रांच्या प्रतींची जाड फाइल होती.

शनिवारी चारला पाऊस भुरभुरत होता. दोराच्या पलीकडे छत्र्या घेऊन पन्नासेक माणसं उभी होती. ज्ञानदेवांना खांबाजवळ उभं केलं. समोर सहा बंदुका. वॉल्टरने नियमाप्रमाणे विचारलं, "कैद्याला शेवटचं काही बोलायचंय?"

ज्ञानदेवांनी काही ठरवलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर मराठीच पडली.

"उपासना," ते म्हणाले, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू म्हणालीस, थोडा वेळ बसा. मी म्हणालो, मीटिंग आहे, अर्ध्या तासात येतो. अर्ध्या तासातच आलो गं. पण तू..."

पुढचं बोलता येईना. मिशीवरून पाणी ओघळत होतं, आणि ते सगळं पावसाचं नव्हतं. प्रेक्षकांना एक अक्षर कळलं नाही, तरी पुढच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला.

वॉल्टरने तलवार खाली आणली. सहा बंदुकांचे घोडे एकदम पडले. खट्! दारू भिजली होती. एकही बार उडाला नाही.

"पडू का?" ज्ञानदेवांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात दोर ओलांडून एक मुलगी चिखलातून धावत आली. "ही हॅज पेपर्स! ऑल हिज पेपर्स!" फाइल उंच धरून ती ओरडत होती. मग समोरचे तंबू, बंदुका आणि बाबांचा निळा कोट पाहून ती जागीच थांबली. "व्हॉट इज धिस, बाबा?" म्हणत तिने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

संध्याकाळी दोघं कोरड्या गवतावर बसली. तिने कॉफीचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मी छत्र्यांच्या मागे उभी होते, दिसत काहीच नव्हतं," ती म्हणाली. "पण ऐकलं सगळं. मला कधी सांगितलं नाहीत."

"कुणालाच नाही."

तंबूची कनात सारून वॉल्टर आत डोकावला. अवघडून म्हणाला, "ग्यान, लोक फार खूश आहेत. उद्या अकराला परत मारलं तर चालेल? नवी दारू मागवलीये."

संघमित्रा उसळून काही बोलणार, तोच ज्ञानदेवांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "माझं अजून थोडं बोलायचं राहिलंय."