दशपुत्र्यांची खोटी गिऱ्हाइकं

"एबीसी नावाचं माणूस कधी पाहिलंय का हो, मॅडम?" दशपुत्र्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मोबाइल नुकते रंगीत होत होते तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या आमच्या दीड खोलीच्या कंपनीत आम्ही ऑनलाइन दुकानांचे एपीआय बांधायचो. म्हणजे वेबसाइटनं विचारायचं आणि एपीआयनं डेटाबेसमधून गिऱ्हाईक, माल, ऑर्डर शोधून द्यायची. डेटाबेस आधी रिकामा, म्हणून चाचणीपुरती खोटी माहिती भरायची. त्याला सीडिंग म्हणतात. बाकीचं जग 'एबीसी', 'टेस्ट वन' भरून मोकळं होतं. आमच्याकडे हे काम करणारे दशपुत्रे कसले ऐकतात! "माणूस दिसला पाहिजे!"

त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे एकेक नग. पंचवटीचे गुरुजी फक्त एकादशीला मागवत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले पगारे रात्रपाळी असली तरच. लासलगावचा अडत्या तर कांदा गडगडला की ऑर्डरच रद्द करी! मी कपाळाला हात लावायचे. आडनाव दशपुत्रे आणि स्वतः सडाफटिंग. सगळा गोतावळा कॉम्प्युटरमध्ये थाटलेला.

त्यात खरी एकच, इंदिरानगरची सुमनताई. सख्खी बहीण. भाचीच्या लग्नपत्रिकेत मामा म्हणून यांचं नाव छापायचं राहिलं आणि हे रुसले. लग्नाला गेले नाहीत, बोलणंही बंद. पण प्रत्येक दुकानात पहिलं गिऱ्हाईक ताईच, खऱ्या पत्त्यासकट.

"अहो, सरळ फोन करा ना!"

"आधी तिनं करावा."

एका चिवडेवाल्याचं दुकान सुरू व्हायचं होतं. खोटी गिऱ्हाइकं पुसायचं काम दशपुत्र्यांचं. सगळी पुसली, पण ताईवर हात चालेना. "उद्या बघू," म्हणाले. चिवडेवाला बिचारा पहिल्या ऑर्डरीसाठी टपलेलाच. ताईच्या नावची खोटी ऑर्डर दिसताच त्यानं पुडा बांधून रवाना केला की हो!

दोन दिवसांनी ताई पुड्यासकट ऑफिसात हजर.

"हे काय रे, बंडू?"

"चुकून गेलं. टेस्टिंगचं होतं," दशपुत्रे पुटपुटले.

"बिनलसणाचा, खोबरं जास्त, अगदी मला आवडतो तसा. असं असतं होय टेस्टिंग?" ताईंनी पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला. "नाव राहिलं, चुकलंच माझं. पण मांडवात पोरीमागे मी दुसरं कुणी उभं केलं नाही रे. मामाची जागा तशीच ठेवली."

एवढा तोंडाळ माणूस, पण आम्हा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मग नाक पुसत मला म्हणाले, "मॅडम, ताईला पुसून टाका त्यातून. मी तिच्याकडे जेवायला चाललोय."