चटणी वेगळी

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि माझं मराठी घरात ऐकलेलं. झाशीत घराबाहेर पडलं की हिंदी सुरू होते, त्यामुळे एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या. कुणाविषयी लिहावं एवढी माझी योग्यता नाही. पण माधवकाकांविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

माधवकाकांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो.

हे मी गमतीने सांगत नाही. त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्यावरचे महिने त्यांना मान्य नाहीत. मोबाइलचा प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा झाला तेव्हापासून त्यांनी वर्षाचे तेरा महिने केले. "लोक फसतात, कारण त्यांना वाटतं महिना तीस दिवसांचा," ते म्हणतात. "मी माझा महिनाच बदलून टाकला. आता मला कोण फसवणार?" त्यांचा प्रत्येक महिना मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. दूधवाल्याला हे समजावून सांगायला त्यांना तीन सकाळी लागल्या. शेवटी तो म्हणाला, "चाचाजी, भैंस को भी बता दीजिए."

काका आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, लग्न केलं नाही. माझे वडील सदर बाजारात फौजी लोकांच्या वर्द्या शिवतात. त्यांच्या दुकानात काका रोज तासभर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "प्लॅन कोणता?" उत्तर काहीही आलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: "अटी बघितल्यास का?"

हा प्रश्न ते सगळीकडे विचारतात. मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आई पेढे घेऊन गेली. काकांनी पेढा हातात धरला आणि मला म्हणाले, "अटी बघितल्यास का?" मी बघितल्या नव्हत्या. त्यांनी सगळं माहितीपत्रक वाचून काढलं आणि हजेरीचा नियम लाल पेनाने अधोरेखित करून दिला. पुढे त्याच नियमाने माझ्या वर्गातले चौघे अडकले, मी वाचलो.

बाहेर खायला जाणं हा त्यांचा दुसरा उद्योग. दर मंगळवारी ते बाजारातल्या डोशाच्या हॉटेलात जातात. मला दोनदा घेऊन गेले होते. मेन्यूकार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पनीर डोशात पनीर किती, स्पेशल थाळीत स्पेशल काय, सगळं विचारतात. वेटर कंटाळून भिंतीला टेकतो. मग कार्ड मिटून म्हणतात, "एक सादा डोसा. मिर्च बिलकुल नहीं. चटनी अलग."

आता गंमत अशी, की काकांना तिखट फार आवडतं. घरी ते भाकरीबरोबर ठेचा खातात. आणि ती वेगळी मागवलेली चटणी त्यांना मी कधी खाताना पाहिलं नाही. ती वाटी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे तशीच असते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खाण्याच्या पण अटी असतात."

त्यांच्याकडे दोन फोन आहेत. एक नवा, आणि एक जुना बटणांचा. जुन्यावर कधी फोन येत नाही, ते कुणाला करत नाहीत, पण दर अठ्ठावीस दिवसांनी त्याचा रिचार्ज होतो. सगळ्या बाजाराला प्लॅन शिकवणारा माणूस न वाजणारा फोन का सांभाळतो, हे कोडं मला अनेक दिवस सुटत नव्हतं.

ते यंदा सुटलं. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे धूळ नको, स्क्रीन नको. पट्टी बांधलेले काका खाटेवर बसून मला म्हणाले, "जुन्या नंबरचं तुला बघावं लागेल. दुकानात जाऊन कर, माणसासमोर. आणि एक दिवससुद्धा चुकवू नकोस. बंद पडला तर येणारा फोन लागणार नाही."

"कुणाचा फोन, काका?"

त्यांनी मला खाटेवर जवळ बसवलं. मग सांगितलं.

साडेचार वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानात एक मराठी बाई अडकली होती. सुमन नाव. नवरा फौजेत, राहायला जवळच्या बबीन्याच्या छावणीत, हिंदी कच्ची. काकांनी तिला सिम घेऊन दिलं. तिला दिवस गेले होते. दर मंगळवारी ती तपासणीला झाशीला यायची, आणि बस सुटेपर्यंत दोघं त्या हॉटेलात बसायची. तिला तिखट चालत नसे. आधीचं एक बाळ गेलं होतं, त्यामुळे ती सतत घाबरलेली असे. सातव्या महिन्यात नवऱ्याची अचानक बदली झाली. काकांनी तिच्या दवाखान्याच्या फाइलवर आपला नंबर लिहून दिला. ती म्हणाली, "बाळ झालं की पहिला फोन तुम्हाला, काका."

फोन आला नाही. तिचा नंबर बंद झाला.

"बबीन्याला गेलो होतो एकदा," काका म्हणाले. "फाटकावरच्या जवानाने विचारलं, आप उनके कौन लगते हैं? मला सांगता येईना. परत आलो." मग पट्टी चाचपत म्हणाले, "बाळ वाचलं की नाही, ती वाचली की नाही, एवढंच कळायला हवं. बाकी काही नको."

मी फोनवरचा जुना मेसेज बघितला. मागचा रिचार्ज तेरा तारखेचा. मी माझ्या मोबाइलवर पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेची आठवण लावली आणि निश्चिंत झालो.

तेरा तारखेला दुकानात गेलो. दुकानदाराने नंबर टाकला आणि म्हणाला, "भैया, ये तो तीन दिन से बंद पड़ा है."

मधला महिना एकतीस दिवसांचा होता. इतकी वर्षं मी काकांच्या महिन्याला हसलो, आणि ऐन वेळी स्वतःचा महिना वापरला.

रिचार्ज करून बाहेर आलो, पण पाय घराकडे वळेनात. काकांना काय सांगायचं? तेवढ्यात समोरच्या डोशाच्या हॉटेलातून मालकाने हाक मारली.

"अरे, वो अटी वाले चाचा तुम्हारे ही हैं ना? कहाँ हैं? परसों एक मैडम आई थीं, साथ में छोटी बच्ची. बोलीं, सादा डोसा, मिर्च बिलकुल नहीं, चटनी अलग. मैंने कहा, ये तो हमारे चाचा का ऑर्डर है. बस, वो तो रोने लगीं." त्याने गल्ल्याखालून घडी केलेला कागद काढला. "ये छोड़ गई हैं. मैंने पढ़ तो लिया, समझा कुछ नहीं."

कागद मराठीत होता.

मी तो तिथे पूर्ण वाचला नाही. पहिली ओळ वाचून सायकल काढली.

काका खाटेवर तसेच बसले होते. मी आधी चूक सांगितली. तीन दिवस बंद होता, तेरा तारीख, एकतीस दिवस, सगळं. त्यांचा चेहरा उतरला. "अटी बघितल्या नाहीस," एवढंच म्हणाले.

मग मी कागद वाचला.

"काका, तुमचा फोन लागत नाही. गाडी बदलायला झाशीत चार तास मिळाले, म्हणून बाजारात आले. बदलीच्या धावपळीत माझा मोबाइल हरवला आणि फाइल गावी राहिली. परवा मुलीच्या शाळेसाठी ती उघडली तेव्हा तुमचा नंबर सापडला. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तिचं नाव मीरा. गेल्या महिन्यात चार वर्षांची झाली. तिलाही तिखट चालत नाही. खाली माझा नंबर देते. सुमन."

काका म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं. 'सुखरूप'पाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि थोड्या वेळाने हातानेच पुढे जायला सांगितलं.

कागद संपला. काकांची बोटं गुडघ्यावर काहीतरी मोजत होती.

"चार वर्षं," ते म्हणाले. "तेरा चोक बावन्न. बावन्न महिन्यांची झाली की रे पोर."

मग त्यांनी उशीखाली हात घातला, जुना फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"लाव," म्हणाले.