सत्त्याण्णव टक्क्यांचं पिशाच्च

केंदूरच्या पोपटरावांची नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची होती, असं पोपटराव स्वतः सांगत. मल्हारीचं म्हणणं असं, की एवढी जनावरं एका माणसात कोंबल्यावर माणसाला जागा कुठं उरणार?

त्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'ठिबकचे पाइप मिळतील' अशी ओळ होती आणि तिच्याखाली पोपटरावांनी स्वहस्ते रंगवलं होतं, 'गुन्हे उकलून मिळतील'. पाइप कुठं गळतोय हे त्यांना लांबूनही कळे. गुन्ह्यांचं तसं नव्हतं. देवळापुढून चोरीला गेलेल्या चपलांचा त्यांनी आठवडाभर तपास केला आणि शेवटी त्या त्यांच्याच पायात सापडल्या. ही गोष्ट ते आपण होऊन सांगत. दुसऱ्यानं सांगितली की जास्त लागते, असा त्यांचा अनुभव होता.

मल्हारी त्यांचा सहायक. त्याच्या अंगी सहायकाचा एकच गुण होता, त्याची मोटरसायकल चालू स्थितीत होती.

मे महिन्यात दौंडहून डेव्हिडचा फोन आला. डेव्हिड रेल्वेत तिकीट तपासनीस. त्याची बायको मर्सी शिरूरची आणि तिच्या माहेरच्या रानात पाइप पोपटरावांनीच टाकले होते, एवढी ओळख. पोलिसांत जायची डेव्हिडला लाज वाटत होती. पोपटरावांपुढं कुणालाच कसली लाज वाटत नसे, हीच त्यांच्या धंद्यातली खरी पुंजी होती.

न्हावऱ्यावरून उन्हाचा फुफाटा खात दोघं दौंडला पोचले. रेल्वे कॉलनीच्या मागं डेव्हिडचं घर, खाली तीन खोल्या आणि वर गच्ची. डेव्हिडनं दार लावून घेतलं, कपाटातल्या घड्या घातलेल्या चादरींखाली हात घातला आणि साबणाच्या डबीएवढं एक जांभळं यंत्र बाहेर काढलं.

"हे काय?"

"व्हिडिओ गेम."

"कोणत्या पोराचा?"

"माझा," म्हणाला डेव्हिड. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे कान एवढे लाल होऊ शकतात हे पोपटरावांनी लगेच टिपलं.

यंत्रात बसणाऱ्या कॅसेटवरचं नाव बोटांनी घासून कधीच गेलं होतं. घरात तिला नुसतं 'गढी' म्हणत. खिडकीत चंद्र, भिंतींवर मेणबत्त्या, तळघरात सांगाडे आणि सगळ्यात वर काउंट नावाचं रक्तपिपासू पिशाच्च. आपला माणूस हातात लोखंडी साखळी घेऊन एकटाच आत शिरतो. डेव्हिड सांगायला लागला आणि लाजायचं विसरला.

"सुरुवातीलाच एक दार दिसतं बघा, उंचावर. उडी पोचत नाही. मग गढीभर हिंडायचं, मार खायचा, हवेतल्या हवेत दुसरी उडी मारायला शिकायचं. आणि परत यायचं त्याच दारापाशी. ते उघडताना जे वाटतं ना, पोपटराव..."

"नव्या पाइपातनं पहिलं पाणी आल्यावानी?"

"तस्संच."

पोपटरावांना गेम आवडला. आपल्यालाही आयुष्यात कितीतरी दारं उडी न पोचल्यामुळं सोडून द्यावी लागली आणि परत जायचं काही सुचलं नाही, हे त्यांना वाटून गेलं. पण ते तपासाला आले होते, म्हणून त्यांनी चेहरा पुन्हा घारीसारखा केला.

प्रकरण असं होतं. डेव्हिडचा थोरला भाऊ टोनी मस्कतला असतो. त्याच्या एकेका सुट्टीत दोघं भाऊ थोडी थोडी गढी पाहत शेवटच्या दाराशी पोचले आणि नेमकी तिथं त्याची सुट्टी संपली. दाराच्या आत काउंट. ते उघडायचं ते दोघांनी मिळून, अशी शपथ झाली. त्यानंतर सहा वर्षं टोनीला यायला जमलं नाही. आता तो शनिवारी येणार होता. म्हणून डेव्हिडनं यंत्र बाहेर काढून पाहिलं, तर गढी किती पाहून झाली त्याचा आकडा शहाऐंशीवरून सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलेला.

"कुणीतरी चोरून खेळतंय," डेव्हिडचा आवाज खाली आला. "उरलेले तीन टक्के त्या दाराच्या आत आहेत. त्यानं दार उघडून काउंटला मारला, तर टोनीला मी काय दाखवू? सहा वर्षं आम्ही फोनवर दुसरं काही बोलत नव्हतो हो. नीट बोलायला आम्हाला जमतच नाही. हेच बोलायचो."

पोपटरावांनी यंत्र हातात घेऊन चालू केलं. पडद्यावर काळोख होता आणि काळोखात एकच पिशाच्च दिसत होतं, ते त्यांचंच तोंड.

"बंद पडलंय."

"चालूच आहे. जुनं मॉडेल, पडद्याला स्वतःचा उजेड नाही. त्यात गढी सगळी अंधारातली. आम्ही गच्चीवर भर उन्हात बसून खेळायचो. पाठी भाजून निघायच्या."

"म्हंजी गुन्हेगाराला उजेड लागतो," पोपटराव म्हणाले. "म्हंजी तो मेणबत्ती लावतो!"

"उन्हात बसत आसंल की," मल्हारी म्हणाला.

"पिशाच्चाचा खेळ आन् उन्हात? मल्हारी, जरा वाचन वाढव."

यंत्राच्या बटणांभोवती पांढरं, वाळून पापुद्रा झालेलं काहीतरी चिकटलं होतं. पोपटरावांनी ते नखानं खरवडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "मेण! मल्हारी, वास घे."

"हिंगाचा येतोय."

"हिंग लावलेलं मेण," पोपटराव म्हणाले. एकदा काढलेला निष्कर्ष ते सहसा परत घेत नसत.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांचं लक्ष गेलं. ते बंद होतं. हल्ली ते दुपारचं बंद पडतं आणि संध्याकाळी आपोआप चालू होतं, असं डेव्हिड म्हणाला. पोपटरावांच्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण भुतांचा आपल्यावर असला तर काय घ्या, म्हणून, रक्तपिपासू पिशाच्चाला लसूण सोसत नाही असं वाचलेलं आठवून, त्यांनी मल्हारीला पाठवून लसणाच्या दोन माळा आणवल्या आणि कपाटाच्या दाराला टांगल्या.

या वेळी डेव्हिडची आई, कृपाबाई, जिन्यानं खाली आल्या. सत्तरीच्या, डोक्यावर पदर, तोंड उन्हानं तांबडं झालेलं आणि हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, लसूण बघितला, म्हणाल्या, "बरा आणलात, घरातला संपलाच होता," आणि एक माळ काढून नेली. घटकाभरानं ती चटणी होऊन पोपटरावांच्या ताटात आली. चटणी झणझणीत होती. पोपटरावांनी पुरावा दोनदा मागून घेतला.

"कसला तपास चाललाय म्हणायचा?" कृपाबाईंनी विचारलं.

"आहे एक गुंतागुंतीचं. तुम्हाला न्हाई समजायचं, आत्या. पिशाच्च, वटवाघळं, अशी भानगड हाय."

"वटवाघळांचं काय एवढं? समोरून यायला लागली की खाली बसायचं, डोक्यावरनं जाऊ द्यायची आन् मग हाणायचं." एवढं बोलून त्या कावळे हाकायला परत वर गेल्या.

"अनुभवी बाई," पोपटराव कौतुकानं म्हणाले आणि चटणी पुसून खाल्ली.

दुपारी संशय शेजारच्या रविराजवर गेला. रविराज खुटबावचा, डेव्हिडच्याच खात्यात, कायम रात्रपाळीला. डेव्हिडची आणि त्याची एकमेकांच्या घरी ये-जा होती. दार वाजवल्यावर बऱ्याच वेळानं तो डोळे चोळत बाहेर आला. आत जाड पडदे ओढलेले होते.

"दिवसा झोपता?" पोपटराव.

"रातपाळी हाय. मग काय रात्री झोपू?"

"ऊन सोसत न्हाई?"

"मे महिन्यात कुणाला सोसतं?"

पोपटरावांनी दुसरी माळ अचानक त्याच्या नाकापुढं धरली. रविराज दोन पावलं मागं सरला.

"लांब करा! माळकरी हाय मी. कांदा-लसूण वर्ज्य हाय आमच्यात."

पोपटरावांनी मल्हारीकडं विजयी नजरेनं पाहिलं. पिशाच्चाचं प्रतिबिंब आरशात पडत नाही, एवढीच परीक्षा उरली होती. त्यासाठी मल्हारीच्या गाडीचा आरसा स्क्रू काढून आणला होताच. पोपटरावांनी तो रविराजच्या तोंडासमोर धरला. रविराजनं त्यात पाहिलं, बोटांनी भांग नीट केला, दाढी वाढलीय म्हणाला आणि दार लावून पुन्हा झोपला.

"प्रतिबिंब पडलं," मल्हारी म्हणाला.

"पडलं," पोपटरावांनी कबूल केलं. "मुरलेला दिसतोय."

येताना आरसा जिन्यात आपटून फुटला. घर बघितलं, शेजार बघितला, सुगावा संपला. डेव्हिड पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याला काहीतरी धीर द्यावा म्हणून पोपटरावांनी तोंड उघडलं, पण आपल्याकडं द्यायला काहीच नाही हे त्यांना कळत होतं. असली संध्याकाळ त्यांच्या प्रत्येक तपासात येई. त्या वेळी त्यांना आपली पाटी आठवे आणि खालची ओळ पुसून टाकावीशी वाटे.

संध्याकाळच्या डेमू गाडीनं मर्सी पुण्याहून आली. ती तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिनं दारातून तीन तोंडं बघितली, टेबलावरचं यंत्र उचललं, बटणांवरून बोट फिरवलं.

"ह्याला चीक कुणी लावला?"

"मेण आहे ते, ताई," पोपटराव म्हणाले.

"मेण कुठलं? गव्हाचा चीक आहे. आठवडा झाला, वर कुरडया चालल्यात की आईंच्या." आणि ती पाय धुवायला निघून गेली.

तिघांनी एकदम छताकडं पाहिलं.

वर कृपाबाई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. डेव्हिडनं यंत्र पुढं केलं. त्यांनी ते पाहिलं आणि पदर सारखा केला.

"व्हय, मीच. दिवसभर कावळे राखत बसायचं तर हाताला काही नको? मोबाईलमधलं उन्हात दिसत न्हाई. ह्याचं उलटं. ऊन जेवढं कडक तेवढं लख्ख दिसतं. सेल संपला की घड्याळातला काढते आन् सांजच्याला परत लावते."

"पण आई, तुला येतं?"

"तुम्ही दोघं खेळायचात तवा कोण बसायचं इथं? मीच की. आन् काय रे, एवढी मोठी गढी, कितीतरी खोल्यांत पाऊल न्हाई टाकलंत तुम्ही. सरळ दाराशी जाऊन उभे. मी एकेक कोपरा काढला."

डेव्हिडला पुढचा प्रश्न विचारवेना. शेवटी पोपटरावांनी विचारला, कारण नको ते विचारण्याची त्यांना सवय होती. "आत्या, शेवटचं दार?"

"उघडलं."

डेव्हिडनं यंत्र छातीशी ओढून घेतलं.

"तीनदा मारला मेल्याला," कृपाबाई म्हणाल्या. "पण सेव न्हाई केलं कधी. दाराबाहेरच्या खोलीत सेव करून ठेवलंय, तिथनंच परत सुरू हुतं, आत तो मेला अजून जिताच हाय. दार तुमचं हाय, ते मला ठाऊक न्हाई व्हय?"

डेव्हिडनं आईच्या हातातला डबा घेतला आणि उरलेल्या कुरडया भरू लागला.

शनिवारी टोनी आला. पोपटरावांना जेवायला बोलावणं होतं. तपासाचा मान म्हणून की चटणी आवडली म्हणून, हे त्यांनी मुद्दाम विचारलं नाही. जेवणं झाल्यावर दोघं भाऊ टळटळीत उन्हात गच्चीवर बसले, टोनीच्या टकलावर ओला टॉवेल आणि डेव्हिडच्या डोक्यावर आईची जुनी छत्री. शेवटचं दार उघडलं. काउंट सिंहासनावरून उठला, त्यानं अंगरखा उडवला आणि दोघांना जागच्या जागी लोळवलं. परत उघडलं, परत लोळवलं. सहा वर्षांत नीट न बोललेले भाऊ एकमेकांना मनापासून शिव्या घालत होते, हसत होते, मधेच मस्कतच्या खोलीबद्दल, बापाच्या शेवटच्या आजाराबद्दल बोलत होते आणि पुन्हा मरत होते.

"आई, तू कसा मारलास गं?" टोनी ओरडला.

"आता कुठं आठवतंय बाबा? म्हातारी झाले मी," कृपाबाई म्हणाल्या आणि सोऱ्यातून शेवटची कुरडई पाडली.

पोपटराव शेजारीच सावलीला बसले होते. ते हळूच म्हणाले, "आत्या, परवा तर तीनदा मारला म्हणत होतात. विसरलात?"

"विसरते कशाला?" त्या तेवढ्याच हळू म्हणाल्या. "आत्ता सांगितलं तर दहा मिनिटांत मरंल तो. मग एक खाली जाईल मोबाईल घेऊन आन् दुसरा ड्यूटीला. बसू द्या की जरा माझ्यापाशी."

पोपटरावांच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं. राहिलं असतं तर सगळ्या केंदूरला त्यांच्या चपलांची गोष्ट कळली नसती. पण एवढं एक रहस्य त्यांना उकललं होतं, आणि ते त्यांनी मल्हारीलाही सांगितलं नाही.

"मेलो परत," टोनी म्हणाला.

"आण इकडं," डेव्हिडनं यंत्र ओढून घेतलं. "माझी पाळी."