अश्वजितचा पहिला बार

बंदूक लहानूची होती. लहानू गेल्यावर पीक संरक्षणाचा परवाना मुलाच्या, म्हणजे अश्वजितच्या नावावर होईस्तोवर दोन हंगामांची धानं निघाली. तिसरं धान लोंबीत आलं, रानडुकरं धानाच्या बांध्या तुडवू लागली, तेव्हा कुठे पोंभुर्ण्याच्या ठाण्यात जमा असलेली, नळीतून ठासून भरायची ती भरमार बंदूक घरी आली. अश्वजितने ती खांद्यावर टाकून मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्याने आणली. मागून जवळचा रस्ता होता, पण त्या रस्त्यावर बघणारं कोणी नसतं.

पंचाईत एवढीच होती, की त्याला बंदूक भरता येत नव्हती. लहानूने हयातीत तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. तो भरायचाही लोकांकडे पाठ करून. त्यामुळे अश्वजितचं या विषयातलं सारं शिक्षण बापाच्या पाठीवर आणि कोपरांवर झालेलं. कोपर एकदा वर जायचं, मग बराच वेळ खालीवर व्हायचं, मग धडाम. मधलं सगळं अंदाजाने जुळवायचं होतं.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. त्यांच्या घराला अख्खं गाव बंदूकवाल्यांचं घर म्हणे. त्यात आई रुखमा सकाळपासून दारोदार सांगून आलेली: "सांजच्याले बार हाय. माहा अश्वजित मारते. या पाहाले."

संध्याकाळी अर्धं गाव अश्वजितच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलं. शेजारच्या वावराचा पत्रूही आला. त्याने आपल्या वावराच्या जंगलाकडच्या टोकाला बांबूवर एक भोंगा बांधला होता. बॅटरीवरच्या त्या भोंग्यातून वाघाची डरकाळी निघे.

"कायले जुनं लोखंड मिरवून राह्यला गा?" पत्रू म्हणाला. "माह्याकडे पाह. बटन दाबलं का वाघ बोलते."

"डुकरं आयकते का?" अश्वजितने विचारलं.

"आयकते ना, बसून आयकते," गर्दीतून कोणीतरी परस्पर उत्तर दिलं.

अश्वजितने बापासारखी लोकांकडे पाठ केली आणि नळीत आधी चिंधी कोंबली, मग तिच्यावर बारूद ओतली. मागे ठिणगीची टोपी बसवून घोडा दाबला. टिच. बाकी काही नाही. क्रम उलटा झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं. नळी उपडी करून त्याने बारूद झटकली, तारेच्या आकड्याने चिंधी उपसली. पाठ करून उभं राहण्यातली बापाची सोय त्याला तेव्हा पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या खेपेला बारूद आधी, चिंधी नंतर. छर्रे घातलेच नाहीत, नुसता आवाज करायचा होता. लोखंडी गजाने तो ठासत असतानाच रुखमा म्हणाली, "बापू, लवकर मार. लोकाइले चा कराचा हाय." त्याने घाईघाईने नवी टोपी बसवली, जंगलावरच्या रिकाम्या आभाळाकडे नळी धरली आणि घोडा दाबला.

धडाम झालं, पांढऱ्या धुराने सगळे खोकू लागले, आणि त्या धुरातून काहीतरी सूंऽ करत गेलं. पत्रूचा वाघ नुकताच संध्याकाळच्या कामावर रुजू झाला होता. तो अर्ध्या डरकाळीत थांबला. धूर विरला तेव्हा बंदुकीचा गज भोंग्यातून आरपार गेलेला दिसला.

"पाह्यला नेम?" रुखमा सगळ्यांकडे वळून म्हणाली. "लहानूचा पोरगा हाय तो."

"माहा वाघ मारला जी यानं," पत्रू ओरडला.

"हळू बोल गा," कोणीतरी म्हणालं, "फारेस्टवाले येतीन."

पोलीस पाटील इंदुताई पुढे आल्या. "अश्वजित, खरं सांग. चुकून गेला का नेम धरून मारला? दुसऱ्याच्या वस्तूवर नेम धरला असन तर परवाना जाईन."

अश्वजितने आईकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून कौतुक झेलत होती. 'चुकून' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. "नेम... धरला होता ताई," तो म्हणाला.

इंदुताईंचा चेहरा कठोर झाला, पण पत्रूचा खुलला. "थांबा बाई. एवढ्या दुरून गजानं नेम? असा मानूस आरमोरीपावतर नाई भेटनार. माही तक्रारच नाई. फक्त आणखी एकडाव दाखव. मी जवायाले फोनवर दाखवतो."

कोणी नको म्हणायच्या आत पत्रूने वेलावरचं कोहळं तोडलं, दूरच्या धुऱ्यावर जाऊन ते डोक्यावर धरलं आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन तो उभा राहिला. लोकांनी गज ओढून काढला, बांधीच्या पाण्यात धुतला आणि अश्वजितच्या हाती दिला.

खरं बोलावं तर बंदूकवाल्यांचं नाव जातं, न बोलावं तर पत्रू जातो.

"भर ना बापू," रुखमा म्हणाली.

त्याने बंदूक खाली ठेवली. "ताई, नेमगिम काई नोहता. गज नळीतून काढाचाच राह्यला. मले बंदूक भरताच येत नाई."

आईकडे बघायची त्याची हिंमत होईना. बघितलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हसत होती.

"बापावर गेला," ती म्हणाली. "याचा बाप मले पाहाले आला तवा आमच्या बाबानं म्हटलं, एक बार मारून दाखवा. गज उडाला अन् मोहाच्या झाडाच्या बुडात रुतला. बाबा म्हने, असा नेमबाज जवाई शोधून भेटनार नाई. मी कुडाआडून पाह्यलं होतं, गज आतच राह्यला होता."

"मंग बोलली काऊन नाई?" अश्वजितने विचारलं.

"काय बोलू? तुहा बाप लय खुश होता. जलमभर बोलली नाई मी. अन् त्यानंबी कधी सांगितलं नाई." तिने पदराने डोळे पुसले. "तू साऱ्या गावासमोर सांगितलं. बापाच्या पुढं गेला तू."

बंदूक घरी आणतानाही अश्वजितला एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. इंदुताई म्हणाल्या, "परवाना राहीन. पन ठाण्यातल्या जमादाराकडून भरनं शिकल्याबिगर आता हिले हात लावाचा नाई."

तिकडून पत्रूची हाक आली, "मार ना गा, जवाई पाहून राह्यला."

"त्याले कोहळं खाली ठेवाले सांगा कोनी," इंदुताई म्हणाल्या.

"थांबा बाई," रुखमा म्हणाली. "जवायासमोर उभा हाय बिचारा, लय खुश हाय. राहू द्या घडीभर."