सबनीस रेंजरची विरळणी

पहिल्याच भेटीत सबनीस रेंजरनं माझ्या छातीला टेप लावली. मी आपला नवा शेजारी म्हणून त्याला चहाला बोलवायला गेलो होतो.

"वय?"

"बत्तीस."

"घरात माणसं किती?"

"सात."

"खोल्या?"

"दोन."

"तरीच! दाट लागवड. उजेडासाठी धडपडत उंच गेलात, घेर धरलाच नाही." टेप गुंडाळून खिशात टाकली आणि चहाला आलाच नाही. म्हणे, "तुमच्याकडे आधीच गर्दी आहे."

तेव्हा माझं डोकं जे फिरलं, ते पुढे कैक वर्षं फिरलेलंच राहिलं.

सबनीस वनखात्यातून रिटायर होऊन आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर आला. एकटाच. बायको केव्हाच गेलेली. सगळी हयात सागाची लागवड वाढवण्यात गेली, त्यामुळे माणूस दिसला तरी ह्याला रोपच दिसायचं. रॉकेलच्या रांगेत पुढच्याला म्हणायचा, "अंतर ठेवा, अंतर!" आणि स्वतःही ठेवायचा. त्या अंतरात कोणीतरी घुसायचं, ह्याच्यापर्यंत येईतो रॉकेल संपायचं आणि मागचे आम्ही रिकामे डबे घेऊन घरी. आमचा सेक्रेटरी पारकर, त्याच्या चौथ्या मुलाच्या बारशाला हा पाळण्यात डोकावून म्हणाला, "दोन रोपांत जागा सोडली नाहीत हो तुम्ही!" पारकरवहिनींनी त्याच्या हातातल्या घुगऱ्या परत घेतल्या. बरं केलं!

तर आता झाडांचं सांगतो. सोसायटीत बिऱ्हाडं सोळा आणि भिंतीलगत जागा आठ झाडांची. पण आमच्याकडे झाडसुद्धा ज्याला त्याला स्वतःचं हवं. दुसऱ्याच्या झाडाची सावली ह्यांना टोचते! सबनीसनं सागाची सोळा रोपं आणली आणि मीटिंगमध्ये बजावलं, "दाट लावा, हरकत नाही. लहानपणी गर्दी चांगली, रोपं सरळ वर जातात. पण पाच-सहा वर्षांनी विरळणी करायची. निम्मी काढायची, म्हणजे उरलेली पोसतात. कबूल?" नेमके तेव्हाच बटाटेवडे आले. तोंडात वडा असलेला माणूस कशालाही कबूल होतो.

आमचं रोप माझ्या वडिलांनी लावलं. अण्णा संगमेश्वरहून आले होते. गुडघे धरत खाली बसले, रोप लावलं, हातानं माती दाबली, आणि त्याच वर्षी गेले. त्यांच्या हातचं मुंबईत आमच्याकडे तेवढंच. शेजारी सबनीसचं झाड. त्याचं झाड नुसतं फोफावलं. अण्णांचं काटकुळं, त्याच्या पानांखालून उजेड शोधत एका अंगाला कललेलं.

पाच वर्षं झाली आणि एका रविवारी सकाळी खाली उतरतो तर निम्म्या झाडांवर गेरूच्या फुल्या! त्यातली एक अण्णांच्या झाडावर.

"अहो सबनीस, काय चालवलंय हे?"

"खुणा केल्यात. उद्या तोडायची."

"माझ्या बापाच्या हातचं झाड आहे ते!"

"खोडाचा घेर बघतात, बाप बघत नाहीत. तुमचं मार खाल्लेलं आहे. जोमाचं ठेवायचं, मार खाल्लेलं काढायचं, हा नियम."

"जोमाचं नेमकं तुमचंच, नाही का? झकास नियम आहे!"

"यंदा नाही केलं तर सोळाच्या सोळा काठ्या होतील. वय निघून गेलं की मग कितीही जागा करा, खोड जाडी धरत नाही."

"कुऱ्हाड लावून तर बघा! तंगडं मोडून हातात देईन!"

सगळी सोसायटी खाली उतरली. पारकर बनियनवरच ओरडला, "वडे खाताना दिलेला शब्द धरायचा नसतो!" सबनीसनं चष्मा पुसला, "अडाणी आहात सगळे," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडतंय तोच कुऱ्हाडीचा आवाज. मी लुंगीवरच धावलो, हातात कपडे धुवायचं धोपाटणं. बघतो तर अण्णांचं झाड जागेवर, त्यावरची फुली पुसलेली. सबनीस स्वतःचं झाड तोडून धापा टाकत उभा होता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नियमाचं काय झालं?"

"नियम बरोबरच आहे. मीच चुकीचं करतोय."

माझी बायको कुंदा पाणी घेऊन आली. "काका, चांगलं झाड का हो तोडलंत?"

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "मुलाच्या नावानं लावलं होतं. विजयच्या. मुलुंडला असतो. म्हटलं, कधी नातवाला घेऊन आला तर सावलीत खेळेल पोरगं. इथून मुलुंड म्हणजे मधे हे एवढं नॅशनल पार्कचं जंगल. मी आख्खं पायी हिंडलोय, पण त्याच्या घरी गेलो नाही. तोही आला नाही. आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता, मी होस्टेलात ठेवला. रानात कुठे नेऊ? म्हटलं, मोकळा वाढेल. लहान वयात गर्दी लागते हो पोरांना! जगाला सांगत सुटलो, आणि घरात... आता जवळ जायचं तर वय निघून गेलं." त्यानं वर बघितलं. आमच्या गॅलरीत घरातली झाडून सगळी वाकून बघत होती. "तुमच्याकडे झाडाखाली बसायला माणसं आहेत. ठेवा तुमचं."

मला असा राग आला म्हणून सांगू! त्या मुलुंडवाल्याचा आला, आणि ह्या म्हाताऱ्याचा तर त्याहून जास्त. अरे, बोलायचं ना कधीतरी! पाच वर्षं आम्हाला टेपा लावत हिंडला आणि हे पोटात ठेवून बसला!

बाकी कोणी झाड काढू दिलं नाही, आणि त्यांच्या खरंच काठ्या झाल्या. अण्णांच्या झाडानं मात्र बाळसं धरलंय. दर रविवारी सबनीस टेप घेऊन येतो. ती खोडामागून फिरवायची तर दोन्ही हात झाडाभोवती घालावे लागतात, गाल सालीला टेकतो. पण रानात हयात घालवलेल्या माणसाला एक खोड मोजायला वेळ तरी किती लागावा? मी गॅलरीतून ओरडतो, "अहो सबनीस, झालं की नाही? वर या, चहा गार होतोय!"

"थांबा हो," तो झाडाला धरूनच म्हणतो. "चुकलं. परत मोजतो."