पार्ट खराब आहे

घाटेकाकांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. ही माहिती मला खुद्द त्यांनीच दिली. डब्लिनमध्ये आमची घरं शेजारीशेजारी, त्यामुळे ती आठवड्यातून दोनदा तरी मिळायची. हायवेवर एक्झिट चुकली तर पाटी उशिरा लावलेली असे. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर बरण्याच सारख्या दिसत. आणि यंत्र बिघडलं की निदान ठरलेलं, "पार्ट खराब आहे."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो मोटरसायकलमुळे. इंग्लंडात बनलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दोन वर्षं काका गराजमध्ये तिचं इंजिन उघडून बसले होते. काकू तिला 'सवत' म्हणायच्या आणि गराजमध्ये पाऊलही टाकायच्या नाहीत. शेवटी एका सप्टेंबरात इंजिन जोडून झालं आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. काकांचा चेहरा बघून काकू विरघळल्या. दसऱ्याला त्यांनी अंगणातल्या झेंडूचा भलामोठा हार गुंफून गाडीला घातला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "बर्फ पडायच्या आत मला एक चक्कर मारून आणा हं." काका इतके खूश झाले, की हारासकट गाडी पाच मिनिटं जागच्या जागी रेस करत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू होईना.

माझे पाच शनिवार त्यात गेले. सकाळी आठला फोन. "अरे, जरा ये. पाचच मिनिटं." मग मी धक्का मारायचा आणि काकांनी वर बसून सूचना द्यायच्या. "जोर लाव की! तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांत दमच नाही यार." उतार संपला की गाडी परत वर ढकलायची, तीही मीच. प्लग काढावा तर दर वेळी पेट्रोलने ओला आणि काळाकुट्ट. काकांनी प्लग बदलला, कॉईल बदललं, व्हॉल्व्ह दोनदा सेट केले. पार्टच्या ऑर्डरी इंग्लंडला फॅक्स करायच्या, त्याही माझ्या ऑफिसातून. मी अक्षरशः मेटाकुटीला आलो होतो.

"काका, पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडतेय. कार्ब्युरेटर चेक करू या ना."

"तो मी स्वतः साफ करून बसवलाय. तिथे काय बघायचं?"

इकडे काकूंनी सेलमधून लाल हातमोजे आणून ठेवले होते. "होतेय का हो सुरू?" त्या खिडकीतून विचारायच्या आणि काका पान्याचा आवाज वाढवायचे.

सहाव्या शनिवारी टीव्हीने सांगितलं, रात्री बर्फ पडणार. काका टॉर्च आणायला घरात गेले तेवढ्यात मी सरळ कार्ब्युरेटर सोडवला. ह्या जुन्या गाडीला एअर फिल्टर नव्हता, हवेचं तोंड उघडंच होतं. आतल्या बारीक छिद्रात एक वाळकी नारिंगी पाकळी गच्च बसली होती. झेंडूची.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! "काकू!" मी ओरडलो, आणि मागून पेट्रोलचा वास मारणारा एक हात माझ्या तोंडावर बसला.

"गप. तिला कळता कामा नये." काकांनी पाकळी चिमटीत धरून काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

कार्ब्युरेटर बसवला. दुसऱ्या किकला गाडी धडधडू लागली. काकू हातमोजे चढवतच धावत आल्या.

"काय झालं होतं हो?"

पार्टवर खापर फुटणार, हे मला माहीतच होतं. काका हँडलकडे बघत म्हणाले, "माझंच चुकलं."

"काय म्हणालात?"

"चुकलं माझं. कार्ब्युरेटर नीट साफ केला नव्हता मी."

 काकू मागे बसल्या आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा पाच शनिवारांचा राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. काका मला म्हणाले, "बघ, पाच मिनिटांचंच काम होतं." एवढ्यानेही राग परत आला नाही.

गाडी रस्त्याला लागता लागता काका मान मागे वळवून ओरडले, "पुढच्या दसऱ्यालाही हार घाल गं! एवढाच मोठा!"